जामीन लंगोट

सरकारी नोकरीत ज्याचे केस पांढरे झाले, त्या मनुष्यास जामीनदाराचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नाही. तगाईचे कर्ज असो, ठेक्याची बोली असो किंवा खजिन्यावर नेमलेल्या कारकुनाचा मुचलका असो, मूळ इसमाच्या सचोटीविषयी कितीही खात्री असली तरी त्याच्यामागे एक भक्कम जामीन उभा करून घ्यावा आणि मगच त्याच्याशी हसून बोलावे, अशी महसूल खात्याची जुनी वहिवाट आहे. ही वहिवाट तान्ह्या मुलाच्या मूत्रविसर्जनास लागू करावी की नाही, या प्रश्नावरून गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात दोन तट पडले. आणि निवृत्त झालेल्या मनुष्यास निवाडे देण्याची खोड सहजासहजी सुटत नसल्यामुळे त्या वादात मी, कोणी न बोलावता, पंच झालो.

वादाचे मूळ एका अमेरिकन पुस्तकात होते. मूल जन्मल्या दिवसापासून आपली गरज चेहऱ्याने, हालचालीने आणि कुरकुरीने कळवीत असते. ती ओळखून त्यास वेळीच योग्य स्थळी धरावे, धरताना ठरावीक आवाज काढावा, आणि लंगोट हा हुकलेल्या वेळेपुरताच जवळ बाळगावा, असा त्या ग्रंथाचा सिद्धान्त. सुनेने बाळंतपणाच्या आधी तो मोठ्या निष्ठेने वाचून काढला आणि एके दिवशी जेवणानंतर सासूसमोर त्याचे सार मांडले. सौभाग्यवतींनी सुपारी कातरता कातरता सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, मग आम्ही एवढी वर्षं मुलांना पायावर बसवत होतो, ते काय होतं?" याहून मौज अशी की, २००० साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या लेखिकेस ही विद्या शिकवली होती ती तिच्या घरी आलेल्या एका भारतीय स्त्रीने! म्हणजे आमच्याच मोरीतून निघालेले ज्ञान सातासमुद्रापार जाऊन, छापून, बांधून, चांगली किंमत लावून परत आमच्याच माजघरात दाखल झाले होते.

त्या विद्येचे प्रात्यक्षिक पाहण्यासारखे असते. आजीने मोरीत पाटावर बसून दोन्ही पाय पसरायचे, पावलांमध्ये थोडे अंतर ठेवायचे, नातवाच्या मांड्या त्या पावलांवर टेकवायच्या, काखांत हात घालून त्याचा तोल सांभाळायचा आणि ओठ आवळून "शूऽऽ" असा दीर्घ ध्वनी काढायचा. मूल क्षणभर विचारमग्न होते, कपाळाला बारीक आठी घालते आणि मग, बहुधा, अर्ज मंजूर करते. मुहूर्तही ठरलेले असतात: झोपेतून उठल्याबरोबर एक आणि दूध पोटात उतरल्यावर दुसरा, कारण पोट भरले की आतड्यांना चालना मिळते, ही गोष्ट वैद्यकशास्त्रासही मान्य आहे. पूर्व आफ्रिकेतील डिगो लोकांची मुले या पद्धतीने पाच-सहा महिन्यांत रात्रंदिवस कोरडी राहू लागतात, असा लेख १९७७ साली एका नामांकित बालवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. सुनेने तो वाचून दाखवल्यापासून सौभाग्यवतींना डिगो बायकांविषयी सख्ख्या जावांइतका जिव्हाळा वाटू लागला, आणि "लंगोट हवाच कशाला?" असा त्यांनी जाहीर पक्ष घेतला.

हा पक्ष तत्त्वतः निर्दोष होता. त्यात केवळ कालमानाचा विसर पडला होता. ज्या घरात त्यांनी मुले वाढवली, तेथे शहाबादी फरशी होती, बसायला चटई होती, आणि मुलाने काही केलेच तर ओले फडके घेऊन धावणाऱ्या दोन जावा, एक नणंद आणि एक आतेसासू हाताशी होती. आता फरशीवर गालिचा आहे, बैठकीवर असा कोच आहे की ज्याच्या उदरात गेलेली वस्तू परत येत नाही, आणि मनुष्यबळ म्हणावे तर गुडघे धरलेली एक आजी, रात्रभर जागलेली एक आई आणि मी. अशा तुटपुंज्या शिबंदीवर बिनलंगोटाचा कारभार सुरू झाला, तेव्हा घराला गुप्तहेर खात्याची कळा आली. बोलणे अर्धवट टाकून माणसे मुलाच्या तोंडाकडे पाहू लागली. ते हालचाल थांबवून भिंतीकडे एकटक बघू लागले की आम्ही हातातील कामे टाकून उठत असू. कित्येकदा ते बिचारे खरोखरच पाल पाहत असे.

उलट आमच्या चिरंजीवांचा पक्ष बाजारच्या डायपरचा. हा एकदाच वापरून टाकायचा डायपर अमेरिकेत लोकप्रिय करण्याचे बरेचसे श्रेय प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतील व्हिक्टर मिल्स नावाच्या अभियंत्यास जाते. नातवंडाचे कापडी लंगोट बदलण्याचा या गृहस्थास मनस्वी कंटाळा होता, आणि त्यातून निघालेले 'पॅम्पर्स' १९६१ साली बाजारात आले. एका आजोबाच्या आळसाने एवढा अवाढव्य उद्योग उभा राहावा, ही गोष्ट मला, समव्यवसायी म्हणून, स्फूर्तिदायक वाटते. पुढे त्यात अशी रासायनिक भुकटी आली की ती आपल्या वजनाच्या कित्येक पट द्रव पिऊन त्याचा गोळा करते. वरून हात लावावा तर सगळे कोरडे! आत काय घडले त्याची वर्दी देण्यासाठी बाहेर एक पिवळी रेघ असते, ती ओल लागली की निळी होते. म्हणजे मुलाने सांगायचे ते रेघ सांगते, आणि मुलाकडे पाहायचे सोडून बाप रेघेकडे पाहतो.

येथेच माझा निवाडा पक्का झाला. जो जामीनदार ऋणकोचा प्रत्येक हप्ता परस्पर, चकार शब्द न काढता भरून टाकतो, त्याच्या छत्राखाली कर्ज कधी काढले याची आठवण ऋणकोला राहत नाही आणि धनकोलाही राहत नाही. धोतराच्या चौघडीचा लंगोट हा त्या मानाने फार प्रामाणिक जामीन आहे: तो घर वाचवतो, कोच वाचवतो, पाहुण्यांची इभ्रत राखतो, परंतु घडलेली गोष्ट तत्काळ मुलाच्या कातडीला आणि आईच्या हाताला कळवतो. शिवाय हा जामीन मुळात मुलासाठी नसतोच. तो बांधला की मोठी माणसे निर्धास्त होतात, मुलाच्या कपाळावरच्या प्रत्येक आठीला दचकत नाहीत, आणि वेळ हुकली तरी त्या जिवावर कोणी डोळे वटारत नाही. हा मुद्दा मी भोजनप्रसंगी विस्ताराने मांडला. सुनेने तो मान्य केला, सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, धुणार कोण?"

ही हरकत श्रावणात बिनतोड ठरते. पुण्याच्या झिमझिम पावसात चौघडी दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर कपडा बांधला तर मांड्यांना लाली येते. म्हणून इस्त्री फिरवून लंगोट वाळवण्याचे काम पंचाकडेच सोपवण्यात आले. तथापि रात्रीपुरता आणि प्रवासापुरता विकतचा डायपर आम्ही मंजूर केला, आणि दादरच्या एका लग्नाला डेक्कन क्वीनने निघताना तो मोठ्या विश्वासाने चढवलाही. गाडी लोणावळा सोडून घाटात शिरली आणि नातवाने आकांत मांडला. दूध दिले, खुळखुळा वाजवला, बोगदे दाखवले, व्यर्थ. अखेर सौभाग्यवतींनी त्याला उचलून, हेलकावणाऱ्या डब्यातून तोल सांभाळत संडासात नेले, तो कोरडा ठणठणीत डायपर उतरवला आणि "शूऽऽ" म्हटले मात्र, गाडी कर्जतला पोहोचण्याच्या आत शांतता प्रस्थापित झाली. जामीन हजर असताना मूळ इसमाने स्वतः येऊन रोख भरणा केल्याचे हे उदाहरण माझ्या उभ्या नोकरीत दुसरे नाही.

वापरलेल्या डायपरची गोष्ट मात्र विनोदाने सांगण्याजोगी नाही. तो नुसता कचऱ्यात टाकला तर कोणाच्या तरी उघड्या हातांना तो वेचावा लागतो. म्हणून पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेने तो कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची विनंती नागरिकांना केली. आमच्याकडे तो ठिपका मी काढतो, आणि शाईचा तेवढा उपयोग सध्या मला पुरेसा वाटतो.

आता एवढीच विनंती. चौघडीला नवे कापड चालत नाही. वर्षानुवर्षे धुऊन विरत आलेले धोतरच लागते, आणि आमच्याकडील साठा संपत आला आहे. ज्यांच्या ट्रंकेत वडिलांची जुनी धोतरे अजून पडून असतील, त्यांनी स्टीलच्या एका पातेल्यासाठी ती बोहारणीच्या हवाली करण्यापूर्वी घरात कोणाचे दिवस भरत आले आहेत का, याची चौकशी अवश्य करावी.