नोटीस आली की वावर आटते

वऱ्हाडात नापिकी येते ती पावसानं किंवा बोंडअळीनं. अमरावती-अकोल्याच्या कौटुंबिक न्यायालयात तिसरं कारण सापडते, पोटगीची नोटीस.

सोयरीक जुळवताना बायोडाटात सात एकर ओलित, संत्र्याचा बगीचा आणि घरचा ट्रॅक्टर असतो. लेकराच्या पोटगीचा विषय निघाला की तेच वावर कोरडवाहू होते, तेही वडिलांच्या नावावर. ट्रॅक्टर भावाचा निघतो. संत्र्याला तर फळगळ लागलेलीच असते.

न्यायालयाबाहेर टाइपवाला विचारतो, "भाऊ, महिन्याची कमाई काय टाकू?"

"टाका आठ हजार."

"मांगच्या टायमाले बारा टाकले होते."

"मंग सहा टाका. यंदा पाऊस कुठी झाला?"

पोटगी कमी करून मागायची वाट कायद्यातच आहे. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. अट एकच, परिस्थिती बदलल्याचं सिद्ध करा. आता बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला दिला, पैसे रोख घेतले, शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून विवरणपत्रही नाही, तर न्यायाधीशानं पाहायचं काय? सातबाऱ्यावर संत्रा दिसतो, खिसा दिसत नाही.

यावरचा तोडगा आपल्या शेजारच्या नागपूरच्या भांडणातूनच निघाला. रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही बाजूंना मालमत्तेचं शपथपत्र बंधनकारक केलं. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला: जमीन किती, ओलिताची की कोरडवाहू, पिकं कोणती, गुरंढोरं किती, कर्ज किती. खोटं लिहिलं तर कारवाई. माझी एक नम्र सूचना आहे, त्या नमुन्याला लग्नाचा बायोडाटाही जोडायला सांगा.

खरंच सोयाबीन बुडालेला, नोकरी गेलेला बापही याच दारात उभा असतो. त्याचा अर्ज वाचताना समोरचा वकील आधीच हसतो. ही 'सहा टाका' म्हणणाऱ्याची कृपा. आणि ज्याला काहीच कमाई नाही म्हणायचं आहे त्यानं सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल वाचावा: धडधाकट असशील तर मजुरी कर, पण बायको-लेकरांना पोस.

नागपूरच्या त्या प्रकरणात मुलाला सुरुवातीला महिना ५,००० रुपये होते, सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. लेकरू वाढते, राजेहो! दप्तर वाढते, ट्यूशन वाढते. ज्या कलमाखाली बाप पोटगी कमी करून मागतो, त्याच कलमाखाली आईला ती वाढवून मागता येते. हे मात्र टाइपवाला तिला आपणहून सांगत नाही.