बिझनेस क्लासातली अंगारकी

संकष्टी मी धरतो आणि कष्ट हिला पडतात, अशी आमच्या घरात जुनी वाटणी आहे. मी सकाळी "आज माझी संकष्टी" एवढं जाहीर करायचं. साबुदाणा भिजवणं, दाणे भाजून कूट करणं, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रात्रीचे मोदक आणि ढग असले की गच्चीवर जाऊन चंद्र शोधणं हे सगळं हिच्याकडे. ही जीवशास्त्राची शिक्षिका. शाळा आणि श्रद्धा या दोन्हींतून ती एकदमच निवृत्त झाली. तरी माझ्या उपवासाला तिचा विरोध नसतो. "तेवढाच तुमच्या पोटाला आराम," असं म्हणत ती मला खिचडीची तिसरी वाटी वाढते आणि माझ्याकडे न बघता हसते.

तर अशा या उपवासकर्त्याला जावयाने लंडनचं बिझनेस क्लासचं तिकीट काढून दिलं. त्याच्याकडे साठलेले पॉइंट जाण्यापुरतेच होते, त्यामुळे येताना आम्ही साध्या वर्गात. बिझनेस क्लास मी तोवर फक्त ओलांडला होता. विमानात शिरताना ती रुंद खुर्चीतली माणसं आपल्याकडे बघत नाहीत आणि आपण त्यांच्या ग्लासात काय आहे ते बघत बघत मागे सरकतो, एवढाच आमचा संबंध. आता त्या खुर्चीत बसून कोणाकडेही न बघण्याचा सराव मी घरीच आरामखुर्चीत सुरू केला. जेवणाबद्दल तर इतकं वाचलं, की कोणत्या कंपनीत काय मिळतं हे शेजारी मला विचारू लागले. सिंगापूर एअरलाइन्समध्ये म्हणे पुढच्या वर्गांतल्या प्रवाशाला आपला पदार्थ निघण्याआधीच सांगून ठेवता येतो. आपल्याकडे ही सोय फक्त जावयाला असते.

मग हिने कालनिर्णयाचं पान उलटलं. जून महिना, मंगळवार, संकष्टी. म्हणजे अंगारकी!

"सोडा एक दिवस," ही म्हणाली. एका अंगारकीत वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य मिळतं असं म्हणतात. वर्षभर संकष्ट्या करायच्या आणि नेमकी अंगारकी सोडायची, हे म्हणजे वीस वर्षं हप्ते भरून ताबा मिळायच्या दिवशी फ्लॅट बिल्डरला परत करण्यासारखं होतं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, चोवीस तास आधी सांगितलं की स्पेशल जेवण देतात. मी बघते."

विमान कंपन्यांना जगातले सगळे धर्म आणि सगळे आजार ठाऊक आहेत. प्रत्येकासाठी चार अक्षरांचा संकेत असतो. एव्हीएमएल म्हणजे हिंदू शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन, केएसएमएल म्हणजे ज्यूंचं कोशर, डीबीएमएल म्हणजे मधुमेही. कोशर जेवण तर सीलबंद येतं आणि सील प्रवाशाला दाखवूनच फोडतात. एवढ्या मोठ्या यादीत उपवासाला एक संकेत नाही! साबुदाणा नाही, वरी नाही, रताळं नाही. लेकीने त्यातल्या त्यात जवळचा निवडला. एफपीएमएल. फ्रूट प्लॅटर.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर भिंतच्या भिंत भरून हस्तकला मांडली आहे. ती फार सुंदर आहे असं ही म्हणाली. मी तेव्हा लाउंजमध्ये गरम डोसे काढणाऱ्या माणसाकडे पाठ करून बसलो होतो.

विमानात बसल्याबरोबर जाड कागदाचं मेनूकार्ड हातात आलं आणि ते मी कादंबरीसारखं वाचून काढलं. पालकाच्या गादीवर रावसाच्या कुळातला कोणी मासा पहुडला होता. कोकराचं मांस मंद आचेवर रात्रभर शिजलं होतं. पनीरसुद्धा नुसतं पनीर नव्हतं, त्याला गाव होतं आणि त्याच्या टोमॅटोलाही गाव होतं. पाठोपाठ गरम गरम काजू-बदामांची वाटी आली. काजू चालतात, बदाम चालतात. मी वाटी रिकामी केली. बरोबर शॅम्पेनही आली होती. मी ग्लासाकडे बघून तोंड उघडतोय तेवढ्यात ही म्हणाली, "द्राक्षं उपवासाला चालतात, हा मुद्दा इथे काढू नका."

स्पेशल जेवण सगळ्यांच्या आधी येतं, ही त्यातली गंमत. अख्ख्या केबिनमध्ये पहिला मान माझा. पांढरी टेबलक्लॉथ, जड सुरी-काटे, कापडी रुमाल, आणि मधोमध रुंद बशीत खरबुजाच्या फोडी. काही केशरी, काही हिरवट. त्यांना टेकून अननसाची चकती, किवीचे काप, दोन द्राक्षं आणि पंख्यासारखी चिरलेली अर्धी स्ट्रॉबेरी. वर पुदिन्याचं एक पान. फोडी इतक्या गार, की पहिल्याच घासाला दाढेतून कळ थेट कानात गेली. जावयाच्या सगळ्या पॉइंटांचं रूपांतर अखेर खरबुजात झालं होतं.

विमानातल्या पहिल्या जेवणाची नोंद ११ ऑक्टोबर १९१९ ची आहे. हँडली पेज ट्रान्सपोर्ट या कंपनीने लंडन-पॅरिस विमानात तीन शिलिंगांना डबा विकला. त्यात सँडविच होतं आणि फळं होती. शंभर वर्षांत माझ्यापुरती प्रगती एवढीच झाली, की सँडविच गेलं.

शेजारी हिचं जेवण सुरू झालं. ही माझ्यासारखी घाईने जेवत नाही. प्रत्येक पदार्थाचं विच्छेदन करते. मंगळवारी मासा कसा चालतो, या माझ्या प्रश्नावर "वार जमिनीवरचे" एवढंच उत्तर आलं. सॅलडमधलं ऑलिव्ह तिने काट्याने उचललं, तेव्हा मला ती प्रसिद्ध गोष्ट आठवली. १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी प्रवाशांच्या सॅलडमधलं एकेक ऑलिव्ह कमी केलं आणि वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले म्हणतात. त्या हिशेबाने बिझनेस क्लास म्हणजे ज्यांचं ऑलिव्ह अजून कोणी काढलेलं नाही अशी माणसं.

"कसा आहे मासा?" मी न राहवून विचारलं.

वेंगुर्ल्याच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो. तिने घास नीट चावला आणि म्हणाली, "मेल्यावर दोनदा शिजवलाय."

ते शब्दशः खरं आहे. विमानात कोणी काही शिजवत नाही. जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात अन्न शिजतं, मग झपाट्याने पाच अंशांच्या खाली थंड होतं, गाड्यांवर चढून विमानात येतं आणि तिथल्या ओव्हनमध्ये नुसतं तापतं. पुढच्या वर्गाचंही तसंच आणि मागच्याचंही. पुढे फक्त ते फॉइलमधून चिनी मातीच्या ताटलीत उतरवतात आणि वर काहीतरी हिरवं ठेवतात. रस्सेदार पदार्थ हा दुसरा जन्म सोसतो. मासा सोसत नाही.

"आणि मीठ कमी आहे," असं म्हणून हिने पर्समधून लिंबाच्या लोणच्याची पुडी काढली. मीठ कमी नसतं, आपली जीभ कमी झालेली असते. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच, आणि हवा वाळवंटासारखी कोरडी. नाक सुकतं, वास मंदावतो आणि वासाबरोबर चव जाते. लुफ्तान्साने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून २०१० मध्ये याचा अभ्यास करून घेतला. कमी दाबाच्या नळकांड्यात खऱ्या विमानाचा तुकडा ठेवून त्यात माणसांना जेवायला बसवलं. खारट आणि गोड दोन्ही चवी बऱ्याच फिक्या पडतात असं निघालं. टोमॅटोचा रस मात्र वर गेल्यावर जास्त रुचकर लागतो. जमिनीवर त्याकडे ढुंकून न पाहणारी माणसं विमानात तो का मागतात, याचा उलगडा झाला. हे सगळं मी हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लोणच्याची पुडी माझ्यापासून लांब सरकवली. त्यात मोहरी होती. मोहरी उपवासाला चालत नाही.

तेवढ्यात मला तिच्या ताटलीच्या कडेला क्विनोआचं सॅलड दिसलं आणि आशा पालवली. "क्विनोआ राजगिऱ्याच्याच कुळातला ना?" मी विचारलं.

तिच्यातली शिक्षिका जागी झाली. "हो. दोघंही ॲमरँथेसी. दोघंही अमेरिकेतले. तुमचा साबुदाणा ज्या कंदाचा, तो कंद, बटाटा आणि शेंगदाणासुद्धा तिकडचेच."

"म्हणजे चालेल!"

"त्यात कांद्याची पात आहे."

वैमानिकांपैकी एकाला जेवण बाधलं तर दुसरा शाबूत असावा म्हणून दोघांना वेगवेगळं जेवण देण्याची पद्धत आहे. आमच्या दोघांचं तेच चाललं होतं. मी शाबूत राहणार होतो, पण विमान हिच्याच हातात होतं.

चहा मागवला. विमानात पाणी ब्याण्णव-चौऱ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. आपला चहा उकळून उकळून हक्क बजावतो, तो इथे नुसता भिजतो. एअर इंडियाचे जेआरडी टाटा स्वतः प्रवास करताना बारीकसारीक टिपणं काढत आणि चहाचा रंग कॉफीसारखा का, असल्या तक्रारीही त्यांत असत. माझ्या कपातल्या द्रवाला कसलाच रंग नव्हता, त्यामुळे तक्रार नेमकी काय करावी ते सुचेना.

"मुंबईत चंद्रोदय रात्री दहा-साडेदहाला," मी म्हणालो. "तोवर काढतो."

ही माझ्याकडे जरा सहानुभूतीने बघू लागली, तेव्हाच मला शंका आली. "आपण पश्चिमेला चाललोय," ती म्हणाली. "मुंबईत दहा वाजतील तेव्हा आपल्या खिडकीत ऊन असेल. लंडनच्या अक्षांशावर पृथ्वी ताशी हजार किलोमीटरने फिरते आणि विमान ताशी नऊशेने उलट पळतं. सूर्य नेहमीपेक्षा सावकाश सरकेल. आणि जूनमध्ये लंडनला चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो."

"म्हणजे आपल्या घड्याळात?"

"पहाटे साडेचार."

अंगारकीला पुण्य जास्त का, ते मला तिथे कळलं. मी काजूंच्या शोधात गॅलीकडे निघालो. गॅली म्हणजे पडद्यामागची ती पोलादी कपाटांची बोळ. मघाशी मला "सर" म्हणत वाकून ताटली ठेवणारी मुलगी तिथे एका पत्र्याच्या खोक्यावर बसून जेवत होती. बूट काढून ठेवलेले, एक पाय दुसऱ्यावर घासत. मांडीवर साध्या वर्गातलं फॉइल, त्यात चिकटलेला पास्ता. प्लास्टिकच्या चमच्याने ती तो कडेकडेने खरवडून भराभर तोंडात टाकत होती. मला पाहून तिने तोंडावर हात धरला, घास गिळला आणि उठायला लागली. "काका, काही हवंय?" मघाचं "सर" पार गळून पडलेलं, बोली सांगलीकडची.

"काही नको. जेव तू."

टिंग वाजलं. तिने फॉइल दुमडलं, अर्धं तसंच, आणि पाय बुटात सरकवला. दिवा आमच्याच खुर्चीवर लागला होता. हिला चीज हवं होतं.

मला एकदम सगळ्याचा राग आला. त्या मेनूकार्डाचा, गादीवर पहुडलेल्या माशाचा, माझ्या खरबुजाच्या रडगाण्याचा. या पुढच्या केबिनमध्ये अन्न फारसं वेगळं नसतंच. इथे पैसे मोजतात ते कोणीतरी वाकून "काय घेणार?" विचारावं याचे. आणि जी दिवसभर हे विचारते, तिला जेवलीस का म्हणून विचारणारं त्या अख्ख्या विमानात कोणी नव्हतं. "चीज कुठंय ते दाखव," मी म्हणालो. ती नको नको म्हणत असताना मी ताटली उचलली आणि चालू लागलो. मागून चमच्याचा फॉइलवर आवाज आला तेव्हा बरं वाटलं.

माझ्या हातात ताटली बघून हिने चष्मा वर केला. "तुम्ही आणलंत?"

"संकष्टी आहे," मी म्हणालो. "आज कष्ट मला."

ती काही बोलली नाही. चीजचा एक तुकडा मात्र मी वाटेतच निवडून ठेवला होता. दूधच की ते! हात पुढे नेला तशी ती हळूच म्हणाली, "जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये रेनेट असतं. वासराच्या जठरातलं."

मी हात मागे घेतला. उतरण्याआधी हलकं खाणं आलं. सगळ्यांना केक आणि सँडविच. मला खरबूज.

लंडनला ढग होते. मध्यरात्री लेकीने फोनवर चंद्रोदयाची वेळ बघितली, मी आकाशाच्या त्या बाजूला नमस्कार केला आणि साबुदाण्याची खिचडी खायला बसलो. त्यानंतर लंडन पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

तिथे असतानाच विमान कंपनीची प्रश्नावली आली. जेवणाचा दर्जा कसा वाटला? मी काजूंना पाचपैकी पाच दिले. खाली मोकळ्या जागेत दोन सूचना लिहिल्या: उपवासाच्या जेवणाला एक संकेत द्यावा आणि वाढणाऱ्या मुलांना बसून जेवायला जागा द्यावी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आभार मानले होते, माझा अभिप्राय मोलाचा होता, आणि माझी आवड माझ्या नावावर कायमची नोंदवून ठेवली होती.

परतीचा दिवस शनिवार होता. संकष्टी नाही, एकादशी नाही, पोटात कडकडीत भूक आणि मागच्या रांगांमधून बिर्याणीचा वास येत होता. सगळ्यांच्या आधी माझ्या नावाने एक ट्रे आला. झाकण काढलं. या खेपेला फोडी फक्त केशरी होत्या.

ही आपल्या बिर्याणीची वाट बघत म्हणाली, "अंगारकीचं पुण्य, एका दिवसात कसं संपेल?"