बारा वाजता उजाडतं

परदेशी नोकरीला निघालेल्या शिक्षक जोडप्याला निरोप देताना जो तो एकच इशारा देतो, ‘तिकडे सगळंच वेगळं असतं हं!’ या इशाऱ्यात काळजी असते, किंचित हेवा असतो आणि एक चूकही असते. माझं म्हणणं असं की, निदान इथियोपियापुरता तरी हा इशारा उलटा आहे. तिथे पहिल्या आठ दिवसांत मराठी जोडप्याची जी फजिती होते, ती सगळं वेगळं असल्यामुळे होत नाही. आजीच्या घरात जे होतं ते आपण शाळेत जाऊन विसरलो आणि नेमकं तेच तिथे अजून चालू आहे, म्हणून ती होते. इथियोपियाच का, तर भारतीय मास्तरांची ती जुनी वाट आहे. 1941 साली इटलीचा ताबा संपल्यावर सम्राट हैले सेलासी यांनी शाळा नव्याने उभ्या करायला घेतल्या आणि बाहेरून शिक्षक बोलावले. त्यानंतरची कित्येक वर्षं भारतीय शिक्षक, त्यातही केरळचे, तिथल्या आडगावांपर्यंत पोचून गणित आणि विज्ञान शिकवत राहिले. पुढे नवी विद्यापीठं निघाली तसे आपले प्राध्यापकही गेले. तेव्हा पुरावा भरपूर आहे आणि तो बहुतेक आपल्याच विरुद्ध जातो.

सुरुवात घड्याळापासून. इथियोपियात दिवस मध्यरात्री चोरपावलांनी बदलत नाही, उजाडताना बदलतो. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन, भर दुपारचे बारा म्हणजे सहा आणि संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. नव्या शिक्षकांना सांगितलं जातं, ‘उद्या पहिला तास दोन वाजता.’ नवराबायको निवांत उठतात, बॅगा उपसतात, लोणच्याची बरणी फुटली नाही ना ते पाहतात, जेवतात आणि दोनला पाच कमी असताना इस्त्रीच्या कपड्यांत वर्गाच्या दारात उभे राहतात. तिथल्या हिशेबाने तेव्हा आठ वाजत आलेले असतात आणि दोनचा तास होऊन सहा तास उलटलेले असतात. बरं, लोक सौजन्यशील. परक्या माणसाला त्रास नको म्हणून दुसऱ्या दिवशी कुणीतरी बेरीज स्वतःच करून ‘आठ वाजता या’ असं सांगतं. एव्हाना शहाणं झालेलं जोडपं त्या आठाचे आपल्या हिशेबाने दोन करतं आणि पुन्हा दुपारीच उगवतं. आता यात परकं काय आहे? पंचांगातला वार सूर्योदयालाच बदलतो, दिवसाला तिथी सूर्योदयाची लागते आणि साठ घटकांचा दिवस उजाडल्यापासूनच मोजला जायचा. आपल्याकडे बारा वाजणं म्हणजे सत्यानाश. तिथे बारा वाजले की कोंबडा आरवतो. मोजण्याच्या शहाणपणात कोण पुढे, याचा निकाल कोंबड्यावर सोपवलेला बरा.

दुसरा पुरावा नावांचा. इथियोपियात आडनाव नावाची वस्तूच नाही. माणसाचं स्वतःचं नाव, मग वडिलांचं, हवं तर मग आजोबांचं, एवढ्यावर काम भागतं. लग्न झाल्यावर बाईचं नाव बदलत नाही, कारण लग्नाने वडील बदलत नाहीत. आता अशा कचेरीत आपलं जोडपं कागदपत्रं घेऊन बसलं आहे अशी कल्पना करा. पुराणातलीच नावं घेऊ, म्हणजे कुणाला लागायला नको. ‘राम दशरथ अयोध्येकर’ हा कारकुनाला लगेच कळतो : दशरथाचा मुलगा, अयोध्येकराचा नातू. थोडं चुकलं, पण घराणं तेच. मग तो दुसरा पासपोर्ट उघडतो : ‘सीता राम अयोध्येकर’. कारकून सीतेकडे बघतो, रामाकडे बघतो, वयाचा अंदाज घेतो आणि आदबीने विचारतो की या आपल्या कन्या का? समजूत घालण्यात एक तास जातो, तो कोणत्या घड्याळातला ते विचारू नका. यात एक नवी भर आहे. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. म्हणजे धाकटा ‘लव सीता राम अयोध्येकर’ झाला. तिथल्या रीतीने वाचलं तर लव हा सीतेचा मुलगा आणि रामाचा नातू! दोन्ही कागद एकमेकांना इतके घट्ट दुजोरा देतात की, खरं सांगणारं जोडपंच खोटं पडावं. हसायचं ते कारकुनाला नव्हे. तो नाव सरळ वाचतो. कोड्यात नाव आपण लिहिलेलं असतं.

पंचांग आणि अक्षरं यांच्याबाबतीत तर आपण परके असल्याचं सोंगही टिकत नाही. तिथे वर्षाला तेरा महिने : तीस-तीस दिवसांचे बारा आणि शेवटी पाच किंवा सहा दिवसांचा पागुमे. साल आपल्या इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षं मागे; 11 सप्टेंबर 2024 ला तिथे 2017 उजाडलं. विमानातून उतरताच दोघं सात वर्षांनी तरुण होतात आणि नेमणुकीच्या कागदावरची तारीख पाहून घाबरतात की, अशा तारखेला तर आपली पदवीही झाली नव्हती. पण अधिक मास पाळणाऱ्या माणसाने तेराव्या महिन्याला दचकावं? लग्नपत्रिकेवर शके लिहिताना आपण बिनतक्रार 78 वर्षं मागे जातोच की! लिपीचंही तसंच. ‘फिदेल’ नावाच्या त्या अक्षरमालेत प्रत्येक व्यंजन स्वराप्रमाणे थोडं थोडं रूप बदलतं, म्हणजे साक्षात बाराखडी, फक्त बाराऐवजी सात घरांची. पहिली ओळ ऐकायला ‘ह हू ही हा हे ह हो’ अशी. दिवसभर इंग्रजीतून विज्ञान शिकवून आलेली दोन मास्तरमंडळी संध्याकाळी शेजारच्या पोराकडून हे गिरवतात, तेव्हा बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, घरात हसण्याचा वर्ग भरला आहे.

इथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल की, हे तर ‘जगात जे जे आहे ते आमच्याकडे आधीच होतं’ या जुन्या रोगाचं लक्षण झालं. हरकत रास्त आहे. सारखेपणा म्हणजे उसनवारी नव्हे, आणि कुणी कुणाला काही शिकवलं असं मी म्हणत नाही. अदिस अबाबा विषुववृत्तापासून जेमतेम नऊ अंश उत्तरेला आहे. वर्षभर दिवस जवळपास सारख्याच लांबीचा, म्हणून उजाडल्यापासून तास मोजणं तिथे सोयीचं. हीच रीत लंडनला नेली तर डिसेंबरात गोंधळ उडेल. शिवाय खरे फरकही आहेत. त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध, तूप वर्ज्य आणि डाळ चालते. आपल्या उपासाला दूध-तूप चालतं आणि डाळ वर्ज्य. दोन्ही उपास एकाच ताटात पाळायचे ठरवले तर बटाटा आणि शेंगदाणे एवढेच तरतील. पण त्यांचे कडक उपासवाले बुधवार-शुक्रवार हीच आपल्या शाकाहारी जोडप्याची दिवाळी. त्या दिवशी ‘त्सोम’ एवढा शब्द उच्चारला की टेफच्या पिठाची आंबवलेली, परातीएवढी जाळीदार इंजेरा समोर येते, आणि तिच्यावर शिरो, म्हणजे तिखट मसाला घातलेलं चक्क पिठलं. यजमान इंजेरात पिठल्याचा घास गुंडाळून थेट तोंडात भरवतो. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात आणि नाही म्हणायची सोय नसते. लग्नाच्या पंगतीत नाव घेतल्याशिवाय ज्यांनी एकमेकांना घास भरवला नव्हता, ते हेडमास्तरांच्या हातून उखाण्याविना घास घेतात. वेगळेपणाचा अस्सल दणका बसतो तो स्वयंपाकघरात. अदिस सुमारे 2,350 मीटर उंचीवर आहे, आपल्या कळसूबाईच्याही 700 मीटर वर. तिथे पाणी शंभराऐवजी साधारण 92 अंशांनाच उकळतं आणि कुकरवाचून तूरडाळ दाद देत नाही. मात्र याला सांस्कृतिक धक्का म्हणू नये. ते भौतिकशास्त्र आहे, आणि ते तर दोघांपैकी एकाचा विषय असतो.

दुसरी हरकत व्यवहाराची : साऱ्या जगाने एक घड्याळ मानलं, मग यांनी का अडून बसावं? हे मुंबईकराने विचारू नये. भारताची प्रमाणवेळ 1906 साली ठरली, तरी मुंबईत 39 मिनिटं मागे चालणारी आपली वेगळी वेळ 1955 पर्यंत होतीच. अडून बसण्याचा मान फक्त आपल्यालाच कसा? त्यांना परकं मानण्यातली खरी गोम घड्याळात नाही, शब्दांत आहे. ते लोक स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात आणि परदेशी गोऱ्याला ‘फेरेंज’ म्हणतात. ‘हबशी’ आणि ‘फिरंगी’ हे दोन्ही शब्द आपल्या कोशात शेजारच्या घरातले असावेत तसे आहेत. त्यांतला एक आपण हिणवायला वापरला, हा दोष आपला. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी दख्खनमध्ये आला, मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने खडकी शहर वसवलं आणि जमीनमहसुलाची घडी बसवली. तेव्हा धडे तिकडून इकडेही आलेले आहेत. मास्तर नेहमी आपलाच असतो असं नाही.

आता जोडप्याचा घरी पहिला फोन. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, तिकडे जगाच्या घड्याळाने सात. आई विचारते, ‘किती वाजले गं तिथे?’ आठवड्यात तयार झालेली सून ऐटीत सांगते, ‘एक.’ आई हादरते, ‘एक? मग जेवलात का नाही अजून?’ सून सूर्योदय, सहा तासांचा फरक, अक्षांश असं सगळं फळ्यावर मांडावं तसं समजावू लागते. तेवढ्यात मागून आजीचा आवाज येतो, ‘अगं, अडीच घटका दिवस वर आलाय म्हणते ती. त्यात एवढं काय न समजण्यासारखं?’