काकाजींचं शिवणखातं

शिवणारे काकाजी ओळखायचे असतील तर चेहऱ्याकडे पाहू नये, खिशाकडे पाहावं. कुर्त्याचा खिसा जिथे असायला हवा तिथून चांगला चार बोटं खाली, बरगडीवर उतरलेला असतो. त्यात हात घालायला काकाजींना किंचित वाकावं लागतं. ते वाकतात आणि आतून निळ्या खडूचा तुकडा, टेप, दोन टाचण्या आणि किराण्याची यादी बाहेर काढतात. खिशाबद्दल कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं : "मुद्दाम खाली घेतला. वर असला की वाकल्यावर पेन पडतो."

वर्ध्याच्या एकेका लेआउटमध्ये असे एकेक काकाजी असतात. कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी जिल्हा परिषदेतून, कोणी शाळेतून. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष नातेवाइकांची लग्नं आणि बागेतली कढीपत्त्याची दोन झाडं यांवर निघतं. दुसऱ्या वर्षी दिवाळीचा कुर्ता-पायजमा आणायला ते टेलरकडे जातात आणि शिलाईचा आकडा ऐकतात. कापडापेक्षा शिलाई जास्त! आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासलेल्या माणसाला हा आकडा झोपू देत नाही. त्यात जिल्हा कापसाचा. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस इंग्रज व्यापाऱ्यांच्या नोंदींत नावानिशी येत असे; हिंगणघाटला आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या होत्या. "कापूस आपला, अंग आपलं, आणि मधले पैसे कायले द्यायचे?" असा काकाजींचा सवाल असतो, आणि तो तात्त्विक असल्यामुळे काकू उत्तर देत नाहीत.

शिवाय गावाची हवाच तशी आहे. 1934 साली गांधीजी वर्ध्याला आले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार चालवला. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी शेगावला राहायला गेले. त्या शेगावचं 1940 मध्ये सेवाग्राम झालं. तेव्हापासून या परिसरात माणसाला स्वावलंबनाचा झटका कोणत्याही वयात येऊ शकतो. ऑक्टोबर 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून जी नई तालीम उभी राहिली, तिची योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. हातांनी काम करत शिकायचं, हे तिचं सूत्र. काकाजी त्यात साठी उलटल्यावर दाखल होतात, एवढाच फरक.

मशीन घरात असतंच. काळं, सोनेरी अक्षरांचं, पायानं चालवायचं. काकूंनी त्यावर तीस-पस्तीस वर्षं पेटीकोट, उशांचे अभ्रे, मुलांचे गणवेश आणि पडदे शिवलेले असतात. काकाजी त्याला प्रथम तेल देतात. इतकं देतात, की पुढचा आठवडाभर जे शिवलं जाईल त्यावर तेलाचे ठिपके उमटतात. मग ते पायदान दाबतात. चाक उलटं फिरतं, धागा तुटतो, खाली दोऱ्यांचं जाळं होतं. काकाजी मशीनवर ठपका ठेवतात. काकू स्वयंपाकघरातून सांगतात, "बॉबिन उलटी बसवली असेल." बॉबिन उलटीच बसवलेली असते.

या टप्प्यावर काकाजी गांधीजींना साक्षीला बोलावतात. यंत्रांबद्दल गांधीजींचं मत सगळ्यांना माहीत असतं, पण 1924 मधल्या एका संवादात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला होता, हे काकाजींनी वाचून ठेवलेलं असतं. बायको हातानं टाके घालत कंटाळवाणं काम करते हे पाहून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र तयार केलं, असं गांधीजींनी सांगितलं होतं. काकाजी हे चहाच्या वेळी मोठ्यानं ऐकवतात. पुण्याहून आलेली मुलगी मोबाइलवर शोधून सांगते की 1851 मध्ये पेटंट घेणाऱ्या आयझॅक सिंगरचे एकाच वेळी एकाहून जास्त संसार चालू होते. काकाजी क्षणभर गप्प होतात. काकूंना मात्र संसारांच्या संख्येशी कर्तव्य नसतं. "त्यानं निदान बायकोसाठी मशीन केलं," त्या म्हणतात, "तुम्ही तर बायकोचंच घेऊन बसले."

कापड कोणतं घ्यायचं, इथे काकाजींची खरी परीक्षा होते. चांगलं कापड वाया जाऊ नये म्हणून सरावासाठी स्वस्त घ्यावं, हा विचार शहाणपणाचा आहे. तो घेऊन ते गादी-रजईच्या दुकानात जातात आणि रजईच्या खोळीचं छापील सुती कापड पाच मीटर फाडून आणतात. लाल जमीन, त्यावर मोर.

निवड वाटते तितकी वेडी नाही. असं कापड साध्या विणीचं, घट्ट आणि अंगानं जाड असतं. कात्रीखाली सरकत नाही, मशीनच्या दातांखाली ओढलं जात नाही, इस्त्रीनं घातलेली घडी धरून ठेवतं. शिवण चुकली तर उसवता येते आणि भोकं दाबून बुजतात. रेशमावर किंवा शिफॉनवर शिकणारा माणूस आठवड्यात मशीन विकायला काढतो; खोळीच्या कापडावर शिकणारा टिकतो. अमेरिकेतही गोधड्यांसाठी वेगळं सुती कापड विकलं जातं. त्याचा पन्हा साधारण 44 इंच आणि छपाई मोहात पाडणारी. तिकडचे नवशिकेही त्याच मोहात पडून पहिला झगा त्याचाच शिवतात. पुढे जे होतं तेही दोन्हीकडे सारखंच होतं.

शिवायला सोपं असलेलं हे कापड अंगावर पडायला तयार नसतं. ते अंगाभोवती उभं राहतं. काकाजींचा पहिला कुर्ता असाच होतो. हात खाली सोडले तरी बाह्या थोड्या वर राहतात, बसलं की पुढचा घेर छातीशी येतो, आणि काढून खुर्चीवर ठेवला तर काही वेळ तिथे कोणी बसलंय असं वाटतं. त्यात मोरांचा घोटाळा. छपाई एका दिशेची असली तर पुढचा आणि मागचा भाग एकाच दिशेनं कापावा लागतो, हे काकाजींनी लक्षात घेतलेलं नसतं. कापड वाचवण्यासाठी त्यांनी एक भाग सुलटा आणि दुसरा उलटा बसवलेला असतो. परिणामी पुढचे मोर चालत असतात आणि पाठीवरचे पाय वर करून असतात. सकाळी दूध घ्यायला निघालेल्या काकाजींना शेजारचा पोरगा मागून विचारतो, "काकाजी, हे मागचे मोर मेले काय?"

काकाजी रागावत नाहीत. शिकणाऱ्या माणसानं हसणं सोसायचं असतं, याचाही दाखला त्यांच्याकडे असतो आणि तो पुन्हा त्याच घरचा असतो. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर गांधींनी धोब्याचा खर्च वाचवायला स्वतःच्या कॉलरला स्वतः खळ घातली. खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापलेली नव्हती. कोर्टात कॉलरवरून खळ गळू लागली आणि सोबतचे वकील हसले. पुढे प्रिटोरियात त्यांनी आपले केस आपणच कापले. पुढून जमलं, मागून बिघडलं, आणि कोर्टात पुन्हा हसू झालं. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलं आहे. "मागची बाजू त्यांचीही बिघडली होती," हे वाक्य काकाजी मोरांच्या संदर्भात पुढे महिनाभर वापरतात.

मग 2 ऑक्टोबर येतो. खादीवर सूट लागते, आणि सरावाचा काळ संपला असं काकाजी जाहीर करतात. वर्ध्यात खादी घ्यायला लांब जावं लागत नाही. गोपुरीत ग्रामसेवा मंडळ आहे. मगनवाडीत 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आहे, तिथे चरख्यांचे नाना प्रकार पाहायला मिळतात आणि नैसर्गिक रंगातली खादीही मिळते. काकाजी आधी चरखे बघतात, सुताची गुंडी 640 तारांची असते हे पाहुण्यांना ऐकवतात, मग कापडाला हात लावतात. ते बोटांनी चुरगाळून पाहतात, उजेडात धरतात, पोत कसा आहे ते स्वतःशी पुटपुटतात. शेवटी सगळ्यात जाड ताग्यावर बोट ठेवतात, कारण पैसे तेवढेच असले तर कापड जास्त आलं पाहिजे.

घरी आल्यावर काकू एवढंच म्हणतात, "आधी रात्रभर भिजवा."

काकाजी भिजवत नाहीत. नवं कापड न घालताच धुणं त्यांच्या हिशेबात बसत नाही. पण खादी हातानं कातलेल्या आणि हातानं विणलेल्या सुताची असते. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि सूत आपल्या मूळ जागी परततं. म्हणून असं कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं, आणि म्हणूनच कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं. काकाजींचा खादीचा कुर्ता पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत असतो. पहिल्या धुण्यानंतर तो मांडीवर येतो, बाह्या मनगट सोडून वर सरकतात, आणि गळा आधीच घट्ट असल्यामुळे शेवटचं बटन लावणं हे दोघांचं काम होतं. "उन्हाळ्यासाठी आखूड केला," काकाजी सांगतात. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, त्यामुळे समोरच्याला हे खोटं ठरवता येत नाही.

बाही हे काकाजींचं दुखणं. मुंढ्याचा गोल आणि बाहीचा गोल मापात सारखे दिसतात, पण जोडताना एकाचं कापड उरतं आणि दुसऱ्याचं कमी पडतं. मऊ कापडात उरलेलं कापड चोरून मुरवता येतं. जाड खादीत त्याची चुणी पडते आणि ती खांद्यावर कायमची बसते. काकाजी एक बाही दुपारभर लावतात, उसवतात, परत लावतात. परत उसवताना ब्लेड शिवणीतून कापडात जातं. मग तिथे ठिगळ येतं, आणि ठिगळ लावलेलं कापड नेसणाऱ्या थोर माणसांची नावं घरच्यांना ऐकावी लागतात. रात्री काकाजी झोपले की काकू दिवा लावून बाही पुन्हा बसवतात. सकाळी काकाजींना वाटतं, काल झोपेच्या भरात आपल्या हातून ती नीट लागली होती. काकू हा समज मोडत नाहीत. मोडला तर दुसरी बाहीही त्यांनाच लावावी लागेल.

खर्चाची वही मात्र चोख असते. कापड, धागा, सुया, बटनं, तेल, सगळं तारखेवार. फक्त स्वतःच्या वेळेचा रकाना कोरा असतो. नालवाडीला असताना विनोबांनी केवळ कताईच्या मजुरीवर जगता येतं का, हा प्रयोग स्वतःवर केला होता. काकाजींनी शिलाईच्या मजुरीवर तसाच प्रयोग करायचं ठरवलं, तर घरात एकादशी रोज येईल.

काकाजींची गाडी रुळावर येते ती बाजारातल्या एखाद्या म्हाताऱ्या टेलरमुळे. ठिगळाचा कुर्ता घालून ते काज करून घ्यायला त्याच्याकडे जातात, कारण काज अजून घरी जमत नाही. मास्टर चष्मा कपाळावर सारतो, खांद्याची चुणी बोटानं दाबून पाहतो. "काकाजी, हे कापड वळत नाही," तो म्हणतो. "तुम्ही त्याले वळवून राह्यले. सरळ कापा नं बाप्पा. बंडी शिवा."

या सल्ल्यामागे मोठा अनुभव आहे. हातमागाचं कापड पन्ह्याला अरुंद असे, म्हणून आपल्याकडचे जुने कपडे चौकोन, पट्ट्या आणि कळ्या जोडून बेतलेले असत. कुर्त्याच्या काखेत चौबगल्याचा छोटा तुकडा बसवला की गोल मुंढ्याचं काम उरत नाही, हात मोकळा फिरतो आणि कापडाची चिंधीही वाया जात नाही. शेतकऱ्याची बंडी तर त्याहून सोपी : बाह्या नाहीत, सरळ शिवणी, पुढे बटनपट्टी आणि खिसे. जाड, ताठ कापडाचा जो दोष कुर्त्यात दिसतो तो बंडीत गुण ठरतो. ती ताठ उभी राहिली तर शोभते, खिशात वजन घातलं तरी लोंबत नाही. नवशिक्याचं चुकतं ते कापड निवडताना नव्हे, त्या कापडाकडून झुळझुळीत कपड्याची अपेक्षा करताना.

काकाजी घरी येऊन, या वेळी कापड भिजवून, बंडी शिवतात. ती जमते. खांदे बरोबर, शिवणी सरळ, पुढचं-मागचं सारखं. नंतर ते थांबत नाहीत. जावयाला बंडी, व्याह्यांना बंडी, भाच्याच्या साक्षगंधात आहेर म्हणून बंडी. रजईचं उरलेलं कापड वाया जाऊ नये म्हणून नातवालाही मोरांची बंडी, आणि तिच्यावर सगळे मोर एका दिशेनं चालतात. काकूंना त्यांचं मशीन दुपारी दोन ते चार परत मिळतं.

तेव्हा वर्ध्याकडे कोणाला चार खिशांची बंडी हवी असेल तर त्यानं ओळखीतल्या अशा काकाजींकडे खुशाल जावं. शिलाई घेणार नाहीत, चहा मिळेल, सोबत 1934 पासूनचा इतिहास ऐकावा लागेल. कापड धुऊन, वाळवून न्यावं, खिसा कुठे हवा ते खडूनं स्वतः आखून द्यावं, आणि बाह्यांचा विषय काढायचाच असेल तर तो काकूंकडे काढावा.