अक्षरं जपून उतरवा

अंधेरीत चार बंगल्याच्या मागच्या गल्लीतल्या त्या गाळ्यावर परवा पुन्हा शिडी लागली. आधी मोमो होते, मग बबल टी, मग 'आजीच्या हातचं' थालीपीठ, आणि आता कोरियन कॉर्नडॉग येतायत. गाळा तोच, शटर तेच, शटरखाली झोपणारं कुत्रंही तेच. बदलते ती पाटी.

नव्या मालकाला विचारलं, "एक कॉर्नडॉग पडतो कितीला?"
"एकशेऐंशीला विकणार."
"पडतो कितीला?"
तो शिडीकडे बघून ओरडला, "अरे, 'डॉ' जरा डावीकडे घे!"

पूर्वी एक सोय होती. 2022 च्या नोव्हेंबरात गोखले पूल बंद झाला, तेव्हा अंधेरीतला प्रत्येक बुडालेला दुकानदार पुलाकडे बोट दाखवायचा. 2025 च्या मेमध्ये पूल दोन्ही अंगांनी सुरू झाला आणि बिचाऱ्यांची सबबही गेली. पाटीचा सोस मात्र होता तिथेच आहे. पितळी अक्षरं की ॲक्रिलिक, आतला दिवा पिवळा की पांढरा, यावर मेहुणा, बायको आणि ग्राफिक डिझाइन शिकणारा भाचा यांच्या बैठका होतात. व्हॉट्सॲपवर 'लोगो फायनल' नावाचा ग्रुप निघतो, मग 'लोगो फायनल नवीन'. भाजणी, लोणी, गॅस, पार्सलचा डबा आणि पोऱ्याचा पगार धरून एक थालीपीठ केवढ्याला पडतं, हा विषय त्या ग्रुपवर कधी निघालाच नाही.

या सगळ्यात खात्रीचा धंदा एकाचाच, पाटीवाल्याचा. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय तो टेप लावून मापसुद्धा घेत नाही, आणि जुनी अक्षरं उतरवून गोणीत भरून स्वतःच घेऊन जातो. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालेनासं झालं, तेव्हापासून त्याच्या गोणीत देवनागरीचा चांगला साठा आहे. होतकरू उद्योजकांना माझा सल्ला एवढाच, की नाव गोणी बघून ठेवा. मोमोवाल्याचे दोन 'मो' पडून आहेत, तेव्हा 'मोरया मोदक' काढा, चारच अक्षरं विकत घ्यावी लागतील. मोदक बुडाले तर त्याच 'मोदक'ची उलटापालट करून 'कमोद' होतो, तांदळाचं दुकान टाका. तांदूळही बुडाला तर 'मो' आणि 'क' हाताशी आहेतच. एक 'गा' आणि दोन 'ळा' आणले की 'गाळा मोकळा', आणि ही पाटी मात्र वर्षानुवर्षं टिकेल.

गाळामालकाचं काय जातं? भरभक्कम डिपॉझिट आधीच खिशात, वर लॉक-इन, म्हणजे दुकान चौथ्या महिन्यात बंद पडलं तरी भाडं पुढे चालूच. भाड्यावर 18 टक्के जीएसटी, आणि 5 टक्केवाल्या खाणावळीला तो परत मिळत नाही, हे सीएने सांगावं तर सीए गाठला जातो नोटीस आल्यावर. शेवटी हिशेब होतो तेव्हा पाटीसाठी भिंतीला पाडलेली भोकं बुजवण्याचे पैसे डिपॉझिटमधून कापतात. आणि धंद्यात घातलेले पैसे कुणाचे असतात? बापाच्या पीएफचे, आईच्या पाटल्यांचे. आणि असा पैसा चार महिन्यांत संपतो, कारण निम्मा गाळ्यात गेला, निम्मा भिंतीवर चढला, आणि गल्ला जमेपर्यंत किराणेवाल्याला द्यायला खेळतं भांडवल म्हणून दमडी कुणी बाजूला काढली नव्हती. आत गल्ल्यामागे बसलेला पोरगा रात्री झोपत नाही आणि बाहेर पाटी झगमगते, विजेच्या बिलासकट!

यावर तो ठरलेला काका येतो. चाळीस वर्षं पगारावर काढलेला, पेन्शन घेणारा. मान हलवून म्हणतो, "आपल्या लोकांना धंदा जमतच नाही रे." हाच काका थालीपिठाच्या दुकानाच्या उद्घाटनाला घरची नऊ माणसं घेऊन आला होता. प्रत्येकाने दोन-दोन थालीपिठं चापली, वर बच्चेकंपनीला ताक. निघताना पोराच्या हातात गणपतीची फ्रेम ठेवली. पोराने चाचरत बिलाचा कागद पुढे केला, तर काका हसून म्हणाला, "आता आमच्याकडूनही घेणार होय?"