नवसात राहून गेलेलं कलम

ढाळ थांबू दे, दर्शनाला येते, असं बायको पोहरादेवीच्या जगदंबेला बोलून बसली होती. ढाळ थांबले. त्यापुढचं ती काही बोललीच नव्हती, त्यामुळे देवीचाही काही दोष नाही.

एका लग्नात बर्फ घातलेला मठ्ठा मी तीन वाट्या प्यालो, त्याला महिना होत आला. ताप गेला, जुलाब गेले. पण चहाचा कप ओठाला लागला की पोटात कुणीतरी खुर्च्या सरकवायला लागतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिच्यावर दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज तयार होतं. जुलाबात ही लव झिजते आणि ती पुन्हा उगवेपर्यंत काही आठवडे दूध सोसत नाही. शिवाय साधारण दहातल्या एकाचं आतडं जंतू गेल्यावरही कित्येक महिने दचकत राहतं. "रक्त पडलं, वजन उतरलं किंवा रात्री झोपेतून उठावं लागलं तर लगेच या. नाहीतर धीर धरा," ते म्हणाले. धरणं हीच तर अडचण होती.

अमरावतीहून निघालो. गाडी मेहुण्याची, चालवणाराही तोच. "भाऊजी, थांबवू काय?" हे तो दर दहा मिनिटांनी विचारी. विचारलं की मला लागे.

"अरे, तू विचारू नको."

"बरं, नाही इचारत. पण लागली तं सांगजा."

आणि लागे! कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव; लोक तिथे गुरुमंदिरात डोकं टेकायला थांबतात. मी थांबलो त्या पेट्रोलपंपावर नळाला पाणी होतं आणि दाराला आतून कडीही होती. ही दोन्ही सुखं एकाच ठिकाणी आढळल्यामुळे मीही हात जोडले.

पोहरादेवी मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाची काशी. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे, जगदंबेचं देऊळ आहे आणि रामनवमीला लाखोंची यात्रा भरते. मी मुद्दाम आडवार निवडला होता. देवाच्या रांगेतून बाहेर पडता येतं, परत आत शिरता येत नाही, हे अनुभवी माणूस जाणतो.

दर्शन सुखरूप झालं. बाहेर येऊन विकतची पाण्याची बाटली फोडली आणि खिशातली ओआरएसची पुडी तिच्यात रिकामी करणार, तोच बायको ओरडली, "अहो, लिटरभर पाण्यात घालायची ती! ही बाटली अर्ध्या लिटरची आहे." मग आणखी एक बाटली घेतली. पुढे एक दिवस पाणी पैशाने विकलं जाईल, असं सेवालाल महाराज सांगून गेले, अशी समाजात आठवण आहे. अठराव्या शतकात हे बोलणाऱ्या माणसाच्या दारात मी दोन बाटल्यांचे पैसे मोजत होतो.

तिथेच सावलीत बसून घोट घोट पिताना मला एक गंमत सुचली. लमाणांचा, म्हणजे बंजाऱ्यांचा, जुना धंदा लदेणीचा: बैलांच्या पाठीवर गोण्या लादायच्या आणि शेकडो कोस मीठ, धान्य पोचवायचं. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. माझ्या बाटलीतही मीठच होतं. पण जुलाबात नुसतं मीठ आतडं नीट आत घेत नाही. ग्लुकोज सोबत असलं की ते त्याला धरून आत शिरतं आणि पाठोपाठ पाणी जातं. म्हणजे मीठ ही गोणी आणि साखर हा बैल! १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हीच लदेणी पिंपांतून चालवली. सलाइन संपत आलं होतं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. हे मी मेहुण्याला रंगून सांगितलं. तो म्हणाला, "भाऊजी, तुमचा बैल लयच भडकला दिसते."

एवढ्यात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या याडीने (बंजारा बोलीत याडी म्हणजे आई) द्रोण पुढे केला. भोगाची लापशी, गहू, गूळ आणि वर तुपाचं तळं.

"घे बाळा, परसाद आहे."

"पोट बरं नाही, याडी."

"म्हणूनच घे."

या युक्तिवादाला डॉक्टरकडेही उत्तर नसतं. बायकोकडे पाहिलं तर ती देवळाकडे पाहत होती. मी तुपाचा काठ टाळून दोन घास खाल्ले. चव सांगतो: महिनाभर मऊ भात गिळलेल्या माणसाचे डोळे भरून येतील अशी.

मग संग्रहालय. बंजारा विरासत संग्रहालयाची इमारतच नगाऱ्याच्या आकाराची आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. आत शिरून मी जेमतेम दुसऱ्या भिंतीपाशी पोचलो आणि नगारा वाजला. इमारतीचा नव्हे.

"काहून थांबले, भाऊजी?" मेहुण्याने विचारलं. मी थांबलो नव्हतो. मी निघालो होतो.

पोहरादेवीला जाल तेव्हा संग्रहालयासाठी सबंध दुपार हाताशी ठेवा. मी ते चाळीस मिनिटांत पाहिलं आणि त्यातली पंचवीस मिनिटं मी आत नव्हतो.