आजचा आकडा

कुत्रेवाले ओळखायला सोपे; कुत्राच त्यांना ओढत आणतो. मांजरवाल्यांच्या पँटला केस असतात. सशाचे बाबा मात्र वरून तुमच्या-आमच्यासारखेच दिसतात आणि म्हणून माणूस बेसावध सापडतो. निवृत्त, शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं, हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या. त्यातली ताजी सशाची आणि पिवळी पडायला आलेली घराची, हे आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तुमच्याही सोसायटीत असे एक असतीलच. शंका असेल तर मार्चमध्ये विचारून बघा, "काय, मे महिन्यात कुठे?" उत्तराआधी जो उसासा टाकेल, तो सशाचा बाबा.

आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. पुणं, सिंहगड रस्ता, पूर्वेकडची गॅलरी. दर मार्चात त्यांच्याकडे सुट्टीचा विषय निघतो आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की मिटतो. मधल्या काळात एकाच मुद्द्यावर खल चालतो, सशाला न्यायचं की ठेवायचं. ससा या बैठकांना हजर असतो. मतही देतो. फक्त ते मागच्या बाजूने देतो.

इथे लेंड्यांचा विषय काढणं भाग आहे. मी तो जरा लांबवला असता, पण सशाचे बाबा लांबवत नाहीत. निरोगी ससा दिवसाला दोनशे ते तीनशे लेंड्या टाकतो. गोल, कोरड्या, एकसारख्या. ही माहिती मी कुठे शोधायला गेलो नव्हतो. मला ती जिन्यात, पार्किंगमध्ये आणि एका मुंजीच्या पंगतीत जिलबी वाढत असताना मिळाली. सशाला उलटी होऊ शकत नाही. पोटात गेलेलं सगळं पुढेच सरकायला हवं. आतडं मंदावलं की तो खाणं सोडतो, खाणं सोडलं की आतडं आणखी मंदावतं, आणि असे दहा-बारा तास गेले तर जिवावर बेततं. मंदावायला निमित्त काय लागतं? ऊन, नवा वास, परकी माणसं, गाडीचे धक्के. "म्हणजे बघा, प्रवासाचा प्रश्न हा मुळात लेंड्यांचा प्रश्न आहे," असं ते म्हणाले, तेव्हा मठ्ठ्याची वाटी माझ्या ओठाला लागलेली होती.

म्हणून ते मोजतात. रोज सकाळी, वहिनींच्या जुन्या चाळणीने. दोनशे पानी वहीत तारीख, आकडा, शेरा. 'मोठ्या, छान.' 'लहान, दोन जुळ्या.' 'दुपारी काही नाही, संध्याकाळी भरपाई.' मग पेपर घ्यायला खाली उतरतात. मी आपणहून विचारतो, "आज किती?" कारण विचारलं नाही तर ते आपणहून सांगतात आणि जास्त सांगतात. "दोनशे साठ," म्हणून ते वर जातात. आमच्या वॉचमनने हे बरेच दिवस ऐकलं आणि एकदा मला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, हा कल्याणचा आकडा, का मुंबईचा?"

सशाचं नाव श्रीखंड. नाव लेकीने ठेवलेलं. बाबा लाडाने श्रीखंड्या म्हणतात. पैठणला एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरत होता, अशी कथा आहे. इथे श्रीखंड्या मालक आहे आणि पाणी बाबा भरतात. उकळून, गार करून.

तर, न्यायचं. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे टाकतो, आणि पारा तिशीपुढे गेला की त्याचं काही खरं नसतं. म्हणजे मे महिन्यातलं कोकण बाद. तरी दिवेआगरच्या एका घरगुती निवासाला त्यांनी फोन लावलाच. "आणा की ससा! आमच्याकडे मांजरं आहेत, पण गरीब आहेत," असं पलीकडून आपुलकीने उत्तर आलं आणि फोन बंद झाला. माथेरान थंड आहे, पण दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. म्हणजे श्रीखंडाला घोड्यावरून न्यायचं. मला ही कल्पना फार आवडली होती. राहता राहिलं पाचगणी. तिथल्या एका रिसॉर्टला त्यांनी विचारलं, "तुम्ही पेट फ्रेंडली आहात का?" "हो सर, आमच्याकडे कुत्री चालतात." "मग मला चालत नाही," बाबा म्हणाले. खरंच आहे. प्राण्यांचं स्वागत करणारी जागा ही सशासाठी सगळ्यात वाईट जागा, कारण तिथे प्राणी असतात.

रेल्वेचं विचारायला ते स्वतः स्टेशनवर गेले होते. फर्स्ट एसीत कुत्रा न्यायचा तर दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर हवी, नाहीतर त्याने गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसायचं, इथवर त्यांचा अभ्यास होता. सशाचं काय, एवढंच त्यांनी खिडकीवर विचारलं. आतल्या माणसाने चष्मा वर केला. "पाळायचा आहे, की खायचा?" बाबा त्यानंतर त्या स्टेशनात गेलेले नाहीत. कुणाला सोडायलासुद्धा.

शेवटी एका वर्षी रंगीत तालीम ठरली. स्वतःची गाडी, पहाटेची वेळ, टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या, मागच्या सीटवर गवत घातलेला पिंजरा. जायचं वाईपर्यंत, श्रीखंडाला मानवलं तर पसरणी घाट चढायचा. कात्रजचा बोगदा ओलांडला, खेड शिवापूरचा टोलनाका गेला. श्रीखंड पिंजऱ्यात शांत बसलेला. वहिनी मागे वळून म्हणाल्या, "बघा हो, कसा मजेत बसलाय." बाबांनी गाडी कडेला घेतली. "मजेत नाही, घाबरलाय. ससा घाबरला की आरडाओरडा करत नाही. जागच्या जागी थिजतो. बघणाऱ्याला वाटतं, किती शहाणा." पिंजऱ्यात लेंडी एकही नव्हती. गाडी वळली. वहीतली नोंद मी पाहिली आहे: 'प्रवास. शून्य.' त्या रात्री साडेनऊला पहिली लेंडी आली तेव्हा त्यांनी मला वर बोलावलं. बघायला.

बरं, मग ठेवायचं. जाणकारही हेच सांगतात, की ससा आपल्या घरी, आपल्या कोपऱ्यात राहू द्यावा आणि कुणीतरी दोन वेळा येऊन त्याचं करावं. बाबांना हे तत्त्वतः मान्य आहे. अडतं ते 'कुणीतरी'पाशी. साडूंना एकदा चाचणीला बोलावलं, तर ते कौतुकाने पाव किलो गाजरं घेऊन आले. सशाला गाजर म्हणजे आपल्याला जिलबी. मुख्य जेवण सुकं गवत. दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात. साडूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि जाताना गाजरं परत नेली. मग एक कॉलेजचा मुलगा मिळाला. चुणचुणीत होता, प्राण्यांची आवड होती. तो म्हणाला, "काळजी करू नका काका, मी रोज सगळं साफ करून टाकीन." "मोजायच्या आधीच?" बाबांनी विचारलं. मुलाला प्रश्न कळला नाही. तिथे मुलाखत संपली.

शेवटी माझ्यावर पाळी आली. मला चार पानी सूचनापत्रक देण्यात आलं. त्याला अनुक्रमणिका होती. पहिलं प्रकरण कुठल्या विषयावर, हे सांगायला नकोच. त्यात 'जुळ्या आल्यास' असं पोटकलम होतं, आणि पहाटेच्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो, त्यात त्याचं पोषण असतं, तेव्हा 'त्यास अडवू नये आणि तोंड वाकडं करू नये' अशी टीप होती. मी सगळं वाचलं, सही करायची जागा शोधली आणि म्हटलं, करतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमचा पिंड मोजणाऱ्याचा नाही." माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली आहे.

तेव्हापासून मी सोसायटीत उघड म्हणायला लागलो, की या माणसाला मुळात कुठे जायचंच नाही, ससा हे निमित्त आहे. लोकांनाही ते पटलं. खर्च टाळायला कुणी मधुमेह पुढे करतो, कुणी भाडेकरू. यांनी ससा धरलाय. एकदा हे वहिनींच्या कानावर गेलं. त्या नुसत्या हसल्या.

मग ब्रिस्बेन आलं. लेक तिकडे शिकायला गेली, तिथेच नोकरी, तिथेच लग्न. श्रीखंड खरं तर तिचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना बुटाच्या खोक्यातून आणलेला. तिकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. क्वीन्सलंडमध्ये ससा पाळायला बंदी आहे आणि दंड हजारो डॉलरचा. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या गोऱ्या जमीनदाराने शिकारीची हौस म्हणून व्हिक्टोरियात चोवीस ससे सोडले, आणि पुढे त्यांच्या प्रजेने खंडभर कुरणं फस्त केली. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तर सशांना अडवायला १९०१ ते १९०७ या काळात तीन हजार किलोमीटरच्या वर कुंपण घातलं. बाबांना हा इतिहास पाठ आहे, पण शिक्षा पटत नाही. "ते चोवीस होते. माझा एकटा आहे. आणि त्याचं ऑपरेशन झालंय."

पण त्या बंदीत एक फट आहे. परवाना घेऊन क्वीन्सलंडमध्ये ससा बाळगता येतो जादूगाराला. मी थट्टा करत नाही, कायद्यात तशी सोय आहे. हे वाचलं त्या संध्याकाळपासून सशाचे बाबा जादू शिकू लागले. पत्ते, दोरी, रुमाल. त्या वर्षीच्या गणपतीत कार्यक्रम ठेवला. काळा कोट, काळी टोपी, मुलं पुढे सरसावून बसलेली, सगळ्यांना ठाऊक की आता टोपीतून श्रीखंड निघणार. बाबांनी कांडी फिरवली, टोपीत हात घातला आणि कोथिंबिरीची जुडी काढली. "ससा टोपीत घालत नाहीत," त्यांनी माईकवरून सांगितलं, "तो घाबरतो." पुढे कळलं, की परदेशातून पाळीव ससा ऑस्ट्रेलियात येऊ देतात तो फक्त न्यूझीलंडमधून. जादूगाराचा असला तरी. कोट पुन्हा कपाटात गेला.

यंदा लेकीला दिवस गेले. जावयाने दोन तिकिटं पाठवतो म्हणून सांगितलं. बाबांनी एकच घ्यायला लावलं. आता मात्र मला खरोखर संताप आला. पोटची पोर बाळंतीण होणार आणि हा माणूस सशासाठी घरी बसणार? चार शब्द सुनवायचे म्हणून मी वर गेलो. वहिनी बॅग भरत होत्या. बाबा गॅलरीत गवताचं पोतं उघडून बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत.

"त्यांना काही म्हणू नका," वहिनी आतून म्हणाल्या. "शांत बसलेत ना? त्यांचंही सशासारखंच आहे. ती गेली तेव्हा एअरपोर्टवर असेच बसले होते. लोक मला म्हणाले, किती खंबीर आहेत हो." आणि त्यांनी ती वही माझ्यासमोर ठेवली.

पहिली कितीतरी पानं बाबांच्या अक्षरात नव्हती. जांभळ्या, हिरव्या पेनांनी लिहिलेली, समासात कान काढलेली. 'आज २३०! हुशार बाळ.' मग एका तारखेला खाली दोन रेघा: 'बाबा, मी पोचेपर्यंत नीट मोजा. रोज कळवा.' पुढच्या ओळीपासून दोन पेनांतल्या निळ्या पेनाचं, सरळ, सरकारी अक्षर. एक दिवस चुकलेला नव्हता.

"रोज सकाळी तिला पाठवतात," वहिनी म्हणाल्या. "तिकडून अंगठा येतो. झालं बोलणं. जेवलीस का, बरी आहेस का, हे यांना विचारताच येत नाही हो, कधीच आलं नाही. एकदा ती कामात होती, दुपारपर्यंत अंगठा आला नाही, तर यांना जेवण गेलं नाही."

मी गॅलरीत परत गेलो. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, श्रीखंडाचं मी बघतो, खरंच मोजीन, तुम्ही जा. त्यांनी गवतातली काडी काढून बाजूला ठेवली. "तिथे तिच्या समोर बसून रोज सकाळी काय सांगू?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला उत्तर ठाऊक असेल तर त्यांना ते हवंच होतं.

मला ठाऊक नव्हतं. माझा मुलगा नाशिकला असतो. आम्ही क्रिकेटवर बोलतो.

वहिनी एकट्याच गेल्या. मुलगी झाली, सगळं सुखरूप. आता पेपर घ्यायला उतरले की बाबा दोन आकडे सांगतात. वहीत उजवीकडे नवा रकाना आखलाय. पहिला आकडा श्रीखंडाचा, दुसरा नातीचा. पहिले दोन दिवस काळी, मग हिरवट, मग मोहरीसारखी पिवळी, हा सगळा क्रम त्यांना पाठ आहे आणि आता मलाही. लेक म्हणे आता अंगठा पाठवत नाही, सविस्तर लिहिते. कधी फोनही करते, शंका विचारायला.

परवा सकाळी सातला बेल वाजली. दारात सशाचे बाबा, डोळे लाल, हातात पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, लेक-नात येतायत, नाहीतर यांनी तिकीट तरी काढलं.

"दोन दिवस झाली नव्हती," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात अंगावर पिणाऱ्या मुलांचं चालतं तसं, पण आपला जीव राहतो का? रात्री साडेतीनला मेसेज आला. तिकडे सकाळचे आठ. भरपूर झाली. घ्या, तोंड गोड करा."